व्याह्यांची दाढ आणि चंद्रावरचा फोटो

दातांच्या डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात, खुर्चीच्या बरोबर वर, छतालाच एक मोठा फोटो चिकटवला होता. चंद्रावर उभा असलेला माणूस. पांढरा फुगीर पोशाख, तोंडावर सोनेरी काच, पायाखाली राखेसारखी जमीन आणि वर काळंकुट्ट आकाश. खुर्चीत आडवं झालं की दुसरं काही दिसायचंच नाही. पेशंटची भीती कमी व्हावी म्हणून लावलाय, असं डॉक्टर सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. डॉक्टरांना चंद्राबद्दल बोलायला मनापासून आवडायचं, आणि समोरच्याच्या तोंडात नळी आणि कापसाचे बोळे भरून ठेवले की तो मध्ये बोलत नाही, हे त्यांना धंद्याच्या पहिल्याच वर्षी उमगलं होतं. आयुष्यात ते एकही वाद हरले नव्हते, त्याचं गुपित एवढंच होतं.

त्यांची मुलगीही दातांचीच डॉक्टर. तिला सगळे छोटी डॉक्टर म्हणायचे. पलीकडच्या खोलीत तिची खुर्ची होती आणि तिचं छत कोरं होतं. तिच्याकडे गर्दी जास्त असायची.

या छोट्या डॉक्टरचं लग्न झालं आणि डॉक्टरांना व्याही मिळाले ते फोटोकाका. कोपऱ्यावरचा फोटो स्टुडिओ त्यांचा. मुलगा पुलांची कामं बघणारा इंजिनीअर, स्वभावाने गरीब, त्याने स्टुडिओत कधी लक्ष घातलं नाही. पण काका अजून रोज दुकान उघडायचे. आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांचे चेहरे त्यांच्या हाताखालून गेले होते, आणि गेले होते म्हणजे सुधारून गेले होते. तिरळा डोळा सरळ करायचा, टकलावर केस उगवायचे, ज्यांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे अशा दोन भावांना आईच्या वाढदिवसासाठी एका फोटोत खांद्याला खांदा लावून उभं करायचं, नातवाच्या लग्नात कधीच वारलेल्या आजोबांना पुढच्या रांगेत खुर्ची द्यायची, हे सगळं त्यांनी केलं होतं आणि इतकं बेमालूम केलं होतं की गिऱ्हाइकांनाही नंतर आठवत नसे काय खरं आणि काय काकांनी घातलेलं. त्यामुळे काकांचा कुठल्याच फोटोवर विश्वास नव्हता. पेपर हातात आला की ते आधी फोटोतल्या सावल्या बघायचे, मग बातमी.

लग्नानंतर पहिल्यांदा व्याही-विहीणबाई डॉक्टरांकडे जेवायला आले, तेव्हाच ठिणगी पडली. जेवण झालं, हात पुसता पुसता काका म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या दवाखान्यातला तो छतावरचा फोटो पाहिला. सुरेख आहे. कोणत्या स्टुडिओतला?"

"स्टुडिओतला नाही हो," डॉक्टर हसले. "चंद्रावरचा आहे."

"ते दिसलं. पण काढला कुठे?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. टेबलाखाली त्यांच्या बायकोचा पाय त्यांच्या पायावर पडला आणि तिथेच राहिला. डॉक्टरांनी तोंड मिटलं. मुलीच्या सासऱ्यांशी पहिल्याच जेवणात वाद घालायचा नसतो एवढं त्यांनाही कळत होतं.

पण घशात अडकलेली गोष्ट ती अडकलेलीच. दोन्ही घरांचं दर रविवारी एकत्र जेवायचं ठरलं, आणि पुढच्या खेपेला डॉक्टर तयारी करून बसले. आठवडाभर वाचून त्यांनी ताऱ्यांवर एक छोटं भाषण बसवलं होतं. गोड वाढायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली. "व्याहीबुवा, तुम्ही म्हणाल, चंद्रावर आकाश काळं दिसतंय, मग त्यात तारे का नाहीत? तर त्याचं असं आहे..."

"तारे कसे असतील?" काकांनी मध्येच थांबवलं. "भर उन्हात पांढरा पोशाख घातलेला माणूस टिपायचा तर तारे येणारच नाहीत. तारे नाहीत म्हणून फोटो खोटा असं म्हणणाऱ्याच्या हातात कॅमेरा देऊ नये."

डॉक्टरांचा आठवडा पाण्यात गेला.

"मग तुमचं म्हणणं तरी काय आहे?"

"माझं म्हणणं, फोटो फार चांगला आहे." काकांनी चमच्याने हवेत चौकट काढली. "माणूस कसा मधोमध उभा आहे बघा. डोक्यावर आकाश हवं तेवढंच. पोशाखावर उजेड कसा पडलाय. काचेत समोरचा सगळा देखावा, वर फोटो काढणारासुद्धा इवलासा दिसतोय. अहो, कामाला गेलेला माणूस असा फोटो काढत नाही. मी जन्मभर लोकांना स्टुलावर बसवून, हनुवटी बोटाने वर करून फोटो काढले, मला असा एक आला नाही. आणि तो गडी तिथे गेला, दगड गोळा करता करता सहज एक काढला आणि हा आला? नाही पटत."

डॉक्टरांनी उत्तर द्यायला श्वास घेतला, तोच बायकोने त्यांच्या ताटात न विचारता भात वाढला.

असे रविवार बरेच गेले. काका दर वेळी नवीन नवीन बाजूने फोटोची स्तुती करायचे आणि प्रत्येक स्तुतीनंतर तो थोडा आणखी खोटा ठरायचा. विहीणबाई आणि डॉक्टरांच्या बायकोची मात्र छान गट्टी जमली. हे दोघं चंद्रावर गेले की त्या दोघी स्वयंपाकघरात जायच्या आणि आतून हसण्याचे आवाज यायचे.

मग एका रविवारी घास चावता चावता काका एकदम थांबले. गाल हाताने धरला. खालच्या दाढेतून कळ गेली होती.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. काळजीच्या खाली आणखीही काहीतरी उमटलं, ते त्यांच्या बायकोने बरोबर ओळखलं. आत आल्यावर ती म्हणाली, "अहो, पेशंट म्हणून बघा हं त्यांना."

"पेशंट म्हणूनच बघणार आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका खुर्चीत आडवे झाले. वर चंद्र.

"हा इथे बरा डोळ्यांसमोर ठेवलात," काका म्हणाले.

"तोंड उघडा," डॉक्टर म्हणाले. "मोठं. अजून मोठं. छान."

दाढ आतून किडली होती, रूट कॅनॉल करावं लागणार होतं; नस मेलेलीच होती, त्यामुळे आज बधिर करायची गरज नव्हती. डॉक्टरांनी एका बाजूला कापूस भरला, दुसऱ्या बाजूला थुंकी ओढणारी नळी अडकवली, ड्रिल सुरू केलं आणि मग कितीतरी रविवारांचं साचलेलं बोलायला सुरुवात केली.

"तर व्याहीबुवा, तुमचं म्हणणं असं की फोटो फार चांगला आलाय, म्हणून खोटा."

"आं," काका म्हणाले.

"मग त्या हिशेबाने तुमच्या स्टुडिओतले सगळे फोटो अस्सल म्हणायचे."

काकांचे डोळे मोठे झाले. त्यांनी डावा हात वर केला. दुखलं तर हात वर करा, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

"दुखतंय?"

काकांनी मान हलवली. नाही.

"मग हात खाली घ्या."

डॉक्टर बोलत राहिले. किती लोक त्या कामाला लागले होते, किती जणांनी ते डोळ्यांनी पाहिलं, इतक्या लोकांनी इतकी वर्षं तोंड बंद ठेवणं कसं अशक्य आहे. काका फोटोकडे बघत होते, म्हणजे त्यांना दुसरीकडे बघताच येत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी नळी काढली. "चूळ भरा."

काकांनी चूळ भरली, हनुवटीवरून पाणी गळत असतानाच वळले आणि म्हणाले, "छातीवर कॅमेरा अडकवलेला. त्याला डोळा लावून बघायची सोय नाही. हातात जाड मोजे. असा माणूस माझ्या दुकानात आणा. पासपोर्टचा फोटो तरी सरळ काढेल का तो?"

"झाली चूळ?"

"अजून थोडी राहिली." काकांनी आणखी एक घोट घेतला, थुंकले. "आणि तोंड बंद ठेवण्याचं म्हणाल तर माझ्या गिऱ्हाइकांना विचारा. एकाने तरी आजवर सांगितलंय का, माझ्या नाकावरचा मस कुठे गेला ते?"

"उघडा."

तिथून पुढे काकांच्या दाढेत सारखा काहीतरी कण अडकायला लागला. दर थोड्या वेळाने ते बोटाने तोंडाकडे खूण करायचे, चूळ भरायचे आणि चुळीला लागून एक मुद्दा टाकायचे. डॉक्टर मग पेला अर्धाच भरायला लागले. बाहेर बसलेल्या पेशंटना आधी ड्रिल, मग गुळण्या, मग वादविवाद आणि पुन्हा ड्रिल असं ऐकू येत होतं. एक आजी हळूच उठल्या आणि छोट्या डॉक्टरच्या रांगेत जाऊन बसल्या.

शेवटी छोटी डॉक्टर दारात येऊन उभी राहिली. एकीकडे वडील, ड्रिल हातात घेऊन हातवारे करणारे. दुसरीकडे सासरे, चूळ तोंडात धरून बोलायच्या बेतात.

"पप्पा, तोंड उघडा," ती सासऱ्यांना म्हणाली. "बाबा, तुम्ही बंद करा."

दोघांनी ऐकलं. दाढेचं त्या दिवसाचं काम पाच मिनिटांत संपलं.

पुढच्या रविवारी डॉक्टर जरा जास्तच फुशारले होते. दवाखान्यात आपली सरशी झाली असा त्यांचा समज होता. जेवताना त्यांनी आपणहून विषय काढला. "मी काही फोटोतला जाणकार नाही, पण खरा फोटो मला बघताक्षणी कळतो. खरेपणा चेहऱ्यावर असतो. तो कोणी घालू शकत नाही."

एवढं बोलून ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण ते उठले आणि भिंतीवरची चौकट काढून घेऊन आले. लेकीच्या लग्नातला दोन्ही घरांचा फोटो. काकांनीच काढलेला. मधे नवरा-नवरी, एका बाजूला काकांकडची मंडळी, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांकडची आणि नवरीच्या मागे डॉक्टर, ओठ किंचित उघडे, डोळे पाणावलेले.

"हा बघा माझा चेहरा," डॉक्टर म्हणाले. "लेक परक्या घरी निघालेल्या बापाचा चेहरा आहे हा. डोळ्यांत पाणी आलंय. सांगा, हे कुठल्या स्टुडिओत करता येईल?"

विहीणबाई ताटाकडे बघू लागल्या. जावई पाणी आणायला म्हणून उठला, त्याच्यासमोर भरलेला पेला असताना.

"छान आलाय फोटो," काका म्हणाले. "जेवा तुम्ही, गार होतंय."

"नाही नाही, सांगाच. यातलं काहीतरी खोटं काढून दाखवा."

"डॉक्टर, जाऊ द्या."

"दाखवाच तुम्ही."

काकांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं, घास खाली ठेवला आणि नाइलाजाने बोट ठेवलं. "हे."

"हे काय? हा तर मी आहे."

"तेच म्हणतोय. यात तुम्ही खोटे आहात. बाकी सगळं खरं आहे."

हळूहळू सगळं बाहेर आलं. फोटोच्या वेळी मुलाच्या मावशीची दातावरची कॅप घास चावताना निसटली होती, आणि डॉक्टर तिला मागच्या खोलीत घेऊन गेले होते, कोणाच्या तरी मोबाइलच्या उजेडात ती पुन्हा बसवायला. सगळे उभे राहिले, लहान मुलं रडायला लागली, डॉक्टर येईनात. शेवटी त्यांच्याशिवायच फोटो काढला. मग काकांनी दुसऱ्या एका फोटोतले डॉक्टर उचलले आणि नवरीच्या मागे आणून ठेवले.

"नाकाची सावली बघा," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात आता जरा अपराधीपणा आणि जरा कारागिराचा अभिमान होता. "सगळ्यांची डावीकडे पडलीय, तुमची उजवीकडे. तेवढी राहूनच गेली माझ्याकडून."

"पण मला आठवतंय," डॉक्टर म्हणाले. "मी उभा होतो. तुम्ही 'हसा' म्हणालात."

"मी कधीच हसा म्हणत नाही. हसा म्हटलं की लोक दात दाखवतात."

"आणि डोळ्यांतलं पाणी?"

काकांनी घास पुन्हा उचलला. विहीणबाईंनाच दया आली. "शिंक येत होती तुम्हाला," त्या हळूच म्हणाल्या. "त्याच्या पुढचाच फोटो शिंकतानाचा आहे. तोही आहे यांच्याकडे."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं. पण तुम्ही त्या फोटोवर इतके खूश होता, येईल त्याला दाखवत होता. कोण सांगणार?"

त्यानंतर काही दिवस डॉक्टरांच्या खुर्चीत बसलेल्या माणसांना कमालीची शांतता लाभली. दात दाखवायचा, दात बघून व्हायचा, विषय संपला. एका जुन्या पेशंटने जाताना छोट्या डॉक्टरला बाजूला घेऊन विचारलं, डॉक्टरांची तब्येत ठीक आहे ना. एकदा दुपारी ती आत डोकावली तर बाबा स्वतःच खुर्चीत आडवे पडून छताकडे बघत होते.

"काय बघताय?"

"सावली," डॉक्टर म्हणाले. "पण याचं नाकच दिसत नाही."

ती जवळच्या स्टुलावर बसली. बाबांचं खरं दुखणं तिला कळत होतं. चंद्राचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. आपल्या लेकीच्या लग्नातला एक क्षण त्यांनी वर्षभर जपून ठेवला होता आणि त्या क्षणी ते एका मावशीचा जबडा धरून बसलेले होते. "बाबा," ती म्हणाली, "ती कॅप अजून पक्की आहे हं. मावशी परवाच सांगत होत्या, अक्रोड फोडता येतात त्याने."

"अक्रोड फोडायचे नसतात," डॉक्टर म्हणाले, पण त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

काकांची पुढची खेप आली, तेव्हा डॉक्टर पुन्हा माणसात आलेले दिसत होते. नेहमीपेक्षा जास्त मायेने त्यांनी कापूस भरला, नळी लावली. मग ड्रिल न लावता नुसतेच वाकून म्हणाले, "व्याहीबुवा, लग्नाचा फोटो खोटा. कबूल."

"आं," काका म्हणाले. बहुतेक माफी मागत होते.

"आता मला सांगा, लग्न झालं की नाही?"

काकांच्या कपाळाला आठी पडली.

"फोटोत मी नव्हतो. पण लग्न खोटं नव्हतं. तुमची सून ही काय, शेजारच्या खोलीत कोणाची तरी दाढ काढतेय. म्हणजे फोटो बनवलेला असला तरी गोष्ट घडलेली असू शकते. मग चंद्राचा फोटो तुमच्या म्हणण्याप्रमाणे समजा जुळवलेला असला, तरी माणसं गेली नाहीत हे कशावरून?" त्यांनी नळी काढली. "चूळ भरा."

काकांनी पेला उचलला. चूळ भरली. थुंकले. पुन्हा भरली. डॉक्टर हात बांधून उभे होते. काकांनी तिसऱ्यांदा पेला तोंडाला लावला, तो रिकामा होता.

"भरू अजून?" डॉक्टरांनी विचारलं.

काका खुर्चीत मागे टेकले आणि आपणहून तोंड उघडलं.

घरी गेल्यावर मात्र त्यांना चैन पडेना. संध्याकाळी सून कामावरून आली तशी त्यांनी तिला स्टुडिओत बोलावलं. "त्या फोटोची मूळ प्रत कुठे बघायला मिळेल? छापलेली नको. कॅमेऱ्यातून निघाली तशी."

ते सगळं आता कोणालाही बघता येतं, असं म्हणून तिने त्यांच्या मोठ्या पडद्यावर चंद्रावरच्या मूळ फोटोंचा सगळा साठा उघडून दिला आणि चहा करायला गेली. चहा घेऊन येते तर काका उभे राहून फोन लावत होते.

तिकडे डॉक्टर एका बाईंच्या दातात सिमेंट भरत होते. त्यांनी कोपराने फोनचा स्पीकर लावला.

"डॉक्टर, आकाश खोटं आहे," काका म्हणाले.

खुर्चीतल्या बाई दचकल्या.

"कोणतं आकाश?"

"तुमच्या छतावरचं. मूळ फोटोत माणूस तिरका उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर आकाश जवळजवळ नाहीच. पाठीवरच्या पेटीला एरियलची काडी आहे ना, ती तर वरून कापली गेलीय. मग कोणीतरी फोटो सरळ केला आणि वर काळा तुकडा जोडला. अहो, मीही जोडतो, उंच मामा फोटोत मावले नाहीत की. म्हणजे हात फिरवलेला आहे यावर. माझ्या धंद्यातल्या माणसाचा हात आहे."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "म्हणजे काढताना वरचा भाग कापला गेला होता."

"तेच तर म्हणतोय."

"आणि माणूस तिरका आला होता."

"चांगलाच तिरका."

"म्हणजे व्याहीबुवा, फोटो चुकला होता," डॉक्टर म्हणाले. "तुमचं म्हणणं होतं, फार चांगला आहे."

पलीकडून फोन बंद झाला.

"चूळ भरा," डॉक्टर बाईंना म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की बाईंनी घाबरत घाबरत चूळ भरली.

स्टुडिओत काका पुन्हा पडद्यासमोर बसले. चहा निवत होता. त्यांनी त्या फोटोच्या आधीचा फोटो काढला, मग त्याच्या आधीचा, मग पुढचे. सून शेजारी बसली. पडद्यावरून एकामागून एक चंद्राचे फोटो सरकत होते आणि त्यातले कितीतरी वाया गेलेले होते. एकात नुसती जमीन. एकात अर्धं यान आणि उरलेलं काहीच नाही. एकात सूर्याचा उजेड थेट काचेवर येऊन सगळं पांढरं झालेलं. एक पार हललेला. एकात बुटाचं टोक, तेही कशाचं आहे हे सांगितल्याशिवाय न कळणारं.

काका एकेकावर थांबत होते आणि त्यांचा चेहरा बदलत होता. नव्या शिकाऊ माणसाचं काम तपासताना ते करायचे तसा "च्च" असा आवाज अधूनमधून येत होता.

"हा माणूस फोटोग्राफर नाही," शेवटी ते म्हणाले.

"म्हणजे खोटं?"

"म्हणजे खरं." काकांनी चष्मा काढला. "खोटं करणारा माणूस एवढी रद्दी बनवत नाही, पोरी. मी लोकांना खोटे फोटो दिले, पण वाईट खोटा फोटो एक नाही दिला. बनवायचाच तर चांगला बनवतो ना माणूस. हललेला हात, अर्धा बूट, असं कोण मुद्दाम करेल? हे असं फक्त तिथे जाऊन, घाईघाईत, भांबावलेला माणूसच करू शकतो." ते पुन्हा पडद्यावरच्या मूळ फोटोकडे वळले. "आणि एवढ्या रद्दीत त्याला हा एक लागला. डोळा न लावता. मोजे घालून."

काकांच्या चेहऱ्यावर तिने आधी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. त्यात हेवाही होता आणि तो कोणाला दिसू नये अशी धडपडही.

"मग बाबांना सांगू का?" तिने विचारलं.

"छे." काका एकदम सावध झाले. "त्यांना अजिबात सांगायचं नाही. मी मान्य केलं तर रविवारी आम्ही बोलणार काय? ते दातांबद्दल बोलतील. मला दातांबद्दल ऐकायचं नाहीये."

तिने वचन दिलं.

दाढेवर कॅप बसवायची शेवटची खेप होती त्या दिवशी हिरडीत इंजेक्शन द्यावं लागलं. नळी धरायला छोटी डॉक्टर शेजारी उभी होती. औषध चढलं तशी काकांची जीभ जड झाली, ओठ एका बाजूला लोंबला. डॉक्टर दाढ घासून घेत होते, आणि आज ते चंद्राबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. फोनवरच्या विजयानंतर आता आणखी ताणू नये, असं त्यांनी ठरवलं असावं. खोलीत नुसता ड्रिलचा आवाज. काका छतावरच्या फोटोकडे टक लावून बघत होते. मग काय झालं कोण जाणे, डॉक्टरांनी ड्रिल थांबवलं त्या क्षणी काका बोलले.

"लॉक्तल, खला आए हा. मी थगले फोतो पाहिले. खला आए. लय भाली आए."

म्हणून झालं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

छोट्या डॉक्टरने वडिलांकडे पाहिलं. बधिर झालेल्या जिभेचं बोलणं तिला पहिल्या महिन्यापासून कळत होतं, आणि बाबांनी तर जन्मभर दुसरं काही ऐकलंच नव्हतं. पेशंट तोंडात बोळे घेऊन घरचा पत्ता सांगत आणि बाबा तो तसाच्या तसा लिहून घेत. त्यांच्या हातातलं ड्रिल हवेत तसंच राहिलं होतं.

"काय म्हणालात व्याहीबुवा?" डॉक्टरांनी विचारलं. "नीट कळलं नाही."

काकांनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. मग मान हलवली. काही नाही.

काम झाल्यावर हात धुताना मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला कळलं ना?"

"काय कळलं?"

"पप्पा काय म्हणाले ते."

"इंजेक्शनच्या अमलाखाली माणूस काहीही बरळतो," डॉक्टर म्हणाले आणि साबण पुन्हा हाताला लावला. "ते धरायचं नसतं. आणि तू काही ऐकलेलं नाहीस."

संध्याकाळी डॉक्टर घरी आरामखुर्चीत बसले होते, तेव्हा काकांचा फोन आला. ओठ जागेवर आला होता, आवाज नेहमीसारखा.

"डॉक्टर, मी सकाळी खुर्चीत काही बोललो का हो?"

"बोललात बहुतेक. पण कळलं काहीच नाही. औषध जरा जास्त झालं असेल."

"बरं बरं." काकांचा सुस्कारा फोनमधूनही ऐकू आला. "मग रविवारी आपण झेंड्याचं घेऊ."

"वारा नसताना फडकतो ते? ते तर सोपं आहे..."

"फडकतोय कुठे? वरून आडवी काठी घातलीय त्याला, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यावर बोलणाऱ्याला मी दारातही उभा करत नाही. माझी शंका शिवणीबद्दल आहे."

"शिवणीबद्दल?"

"हो. काठी घालायला वर जी घडी शिवलीय, तिच्याबद्दल. या तुम्ही तयारी करून."

फोन ठेवून डॉक्टरांनी चष्मा लावला, कागद-पेन शोधलं आणि आत बायकोला हाक मारली.

"अगं ऐकलंस का? आपल्या ओळखीत कोणी चांगला शिंपी आहे का?"